शेवंते, सखू जेवली

प्रिय शेवंते,

सखू आज जेवली. भाकरी, पिठलं, आणि वर कांदा मागून घेतला. हे तुला कळायला पाहिजे म्हणून लिहायला बसले. नाहीतर मी कशाला कागद हातात धरते? तिसरीत शाळा सुटली ती सुटली. पोराचा पेन घेतलाय. तो दोनदा येऊन विचारून गेला, "आई, कुणाला लिहितीस?" म्हटलं, "तुला न्हाई. तू जा."

अक्षर वाकडंतिकडं आहे. चालवून घे.

पहिलं सांगून टाकते, मी अजून रडलेले नाही. बाया बघतात माझ्याकडं. तुला शेवटचं न्हाऊ घातलं ते मीच, मळवट भरला तोही मीच. घरी आले, आंघोळ केली आणि गिरणी चालू केली. पट्टा फिरायला लागला, पीठ पडायला लागलं. लोक डबे पुढं सरकवत होते आणि मी भरून देत होते. आत काही होतंय का म्हणून चाचपून बघितलं, तर रिकामं पोतं हाताला लागावं तसं लागलं. अजून तसंच आहे.

फक्त रविवारी गिरणी बंद असते तेव्हा चहा पिऊन झाला की पाय कुठं ठेवावेत ते कळत नाही.

तुझंच खूळ ना हे! केडगावात जन्म गेला आपला, आणि चांदबिबीचा महाल कधी जवळून बघितला नाही. तू म्हणालीस, "हौसे, पुण्याची माणसं मोटारी करून येत्यात आन् महालावर चढत्यात. आपण काय पाप केलंय?"

"घरी काय सांगायचं?"

"नवस."

"कसला?"

"कसला का असंना! बाई नवस म्हनली की घरातला एक बी बाप्या पुढं विचारत न्हाई."

आणि खरंच नाही विचारलं गं कुणी! माझ्या पोराच्या चामखिळी, सखूची आटलेली म्हैस, तुझ्या सासूचे गुडघे, सगळ्यांवर नवस बोलून झाले. आत्याबाईंना पत्ताच नव्हता की त्यांच्या गुडघ्यांच्या नावावर आपण डोंगरगणला जाऊन पाण्यात डुंबून आलो. देव नसलेल्या डोंगरावर आपण कधी पाऊल ठेवलं नाही. महालात देव नाही, कबर आहे, तर तू म्हणालीस, "पीर बी नवसाला पावतो."

खोटं बोलायची गरज नव्हती ती आपल्या चौघींत एकट्या कमळला. त्यांच्या घरानं धम्म घेतला तेव्हाच देव नदीत सोडून दिले. नवस कुठून आणायचा! ती नवऱ्याला सरळ सांगायची, "फिरायला जाते." तो म्हणायचा, "भाकरी जास्तीच्या ने." मला तर हेवा वाटायचा. आपण देवळात शिरलो की ती बाहेर दगडावर बसायची आणि आपण आलो की हात पुढं करायची. "खोबरं आना हिकडं. खोबऱ्याला काय देवधरम न्हाई."

पहिल्या वेळी तिची भाकरी आपल्या फडक्यात पडली तेव्हा सखू जरा थबकली होती. तू सगळ्यांच्या भाकरी एकावर एक ठेवल्यास, पत्ते पिसतात तशा पिसल्यास आणि म्हणालीस, "वळख आता, तुझी कंची." सखूनं वरची उचलली आणि खाल्ली. त्यानंतर तो विषयच निघाला नाही.

दुष्काळात तर कहर केलास. आठवडाभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि रविवारी गोरक्षनाथाचा गड चढायचा, असल्या बाया आपल्याच! पदरात कामावर मिळालेली सुकडी. गावात सांगितलं, पावसासाठी नवस. लोकांनी नारळ दिले. पुढच्या साली पाऊस झाला तेव्हा म्हातारी माणसं तुझ्या पाया पडायला आली. तू त्यांना आशीर्वाद दिलास आणि माझ्या गिरणीत येऊन उचकी लागेस्तोवर हसलीस.

मग यंदाच्या दसऱ्यानंतर तुझ्या डोक्यात कळसूबाई शिरली.

"हौसे, तिच्यापरीस उंच कायबी न्हाई आपल्या मुलखात. तिच्या डोक्यावर उभं ऱ्हायचं एकदा."

एस्टीनं अकोले तालुक्यात जायचं, बारी गावात मुक्काम, मग चढायचं. म्हशीच्या नवसावर एवढं लांब कोण जाऊ देणार? मोठं काहीतरी पाहिजे होतं. तू जराही विचार केला नाहीस. छातीवर हात ठेवलास. "हे घ्या. माझी छाती दुखती."

तुमच्या उंबऱ्यावर केलेलं ते नाटक मला अजून दिसतं. तोंड वाकडं केलंस, डोळे फिरवलेस, "आई गं, कळ आली" म्हणून भिंत धरलीस. आत्याबाई घाबरल्या. आणि तू आधीच पढवून ठेवलेली सखू पुढं झाली, "व्हय आत्याबाई, म्या डोळ्यानं बघितलंय. निळी पडली हुती. कळसूबाईला बोललीया ती. आता ग्येलंच पायजे."

बोळात आल्यावर आपण एकमेकींना टाळ्या दिल्या. मी म्हटलं, "शेवंते, तमाशात का न्हाई ग्येलीस?" तू म्हणालीस, "तुझ्यासारखी ढोलकी कुठनं आणू?"

गेलो. चढलो. तू वर पोचलीस. देवळापाशी वारा असा की पदर अंगावर राहीना. कमळनं तुझा पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तू कड्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिलीस आणि चकार शब्द बोलली नाहीस. तू आणि गप्प! मला वाटलं, दमली असेल.

संक्रांतीच्या तोंडावर त्याच उंबऱ्यावर बसून तीळ निवडत होतीस. सखू समोरच होती. तू छातीवर हात ठेवलास, आणि सखूला हसू आलं. तिला वाटलं, आता कुठला डोंगर काढतेय ही! तोवर सूप खाली पडलं होतं.

सखूनं अन्न सोडलं ते तेव्हापासून. ती विड्या वळायची ते सूप कोपऱ्यात पडून, तेंदूची पानं वाळून चुरा. मी गेले की माझा हात धरायची. "हौसाक्का, म्या तिला मारलं. म्या खोटी साक्ष दिली. खोट्या दुखण्यावर देवीनं खरं दुखणं धाडलं. आता माझी पाळी."

मला असलं ऐकवत नाही. मी ओरडले तिच्यावर. "देवीला दुसरी कामं न्हाईत का? केडगावच्या बाया मोजत बसलीया व्हय?" काही फरक नाही. कमळ समजावून थकली. सखूचा नवरा मला विचारतो, "काय झालंय तिला?" आणि आम्ही काय सांगणार? सगळे नवस खोटे होते म्हणून? सखू हाडांचा सापळा झाली गं. दंडवत घालत कळसूबाई चढते म्हणायची, आणि बिचारीला मोरीपर्यंत जायला भिंत धरावी लागत होती. मला वाटायला लागलं, हिलाही मीच न्हाऊ घालणार. आणि तेव्हाही मला काही होणार नाही.

आज सकाळी तुझा मालक दळण घेऊन आला. जोंधळे. दळून झाले, डबा भरला, तरी हा उभाच. मी म्हटलं, "भाऊजी, झालं पीठ. आता काय डब्याची पूजा करताय?"

म्हणाला, "सखूबाई खात न्हाई म्हनं."

मला वैताग आला होता. सगळं सांगून टाकलं. नवस, नाटक, साक्ष, सगळं. म्हटलं मारायला उठला तर उठू दे. तो उठला नाही. पोत्यावर बसला.

"वैनी, नाटक न्हवतं ते."

मी पट्टा काढला. गिरणी थांबली.

दसऱ्याच्या आधी तुला नगरच्या डॉक्टरकडं नेलं होतं म्हणे. काळीज अधू झालंय, चढ चढायचा नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. तू दवाखान्याच्या पायरीवरच त्याला शपथ घातलीस. तो तुझेच शब्द सांगत होता, "त्या तिघींस्नी कळलं तर मला डोंगराखाली चपला राखायला बसवतील."

शेवंते! खरं दुखणं आमच्यापुढं खोटं म्हणून मांडलंस? आणि आम्ही टाळ्या दिल्या! अगं, तमाशात का गेली नाहीस म्हणाले ना मी तुला!

बसवलं असतं का चपला राखायला? बसवलं असतं. मीच बसवलं असतं, आणि वर चार शिव्या दिल्या असत्या. तू ओळखून होतीस मला.

मी भाऊजींना म्हटलं, "उठा. सखूकडं चला. आत्ता."

ते जागचे हलले नाहीत. "लोक म्हनतील, म्हाईत असून बायकूला डोंगरावर जाऊ दिलं."

"म्हणू देत."

"मी जाऊ दिलं न्हाई वो वैनी. ती ग्येली."

दारात डबे घेऊन बाया उभ्या, त्यांना म्हटलं, "गिरणी बंद हाय, दुपारून या." मग त्यांच्याकडं वळून म्हटलं, "भाऊजी, हेच सांगा तिला. ह्याच शब्दांत. न्हाईतर आणखी एक बाई जाईल."

त्यांनी टोपी नीट केली आणि उठले. पिठाचा डबा तसाच राहिला.

सखूच्या दारात उभं राहून म्हणाले, "सखूबाई, तुमी खोटं बोलला न्हाई. तिच्या छातीत कळा येत हुत्या. तुमची साक्ष खरीच हुती."

सखू बारीक आवाजात विचारते, "आन् निळी पडली हुती म्हनले मी, ते?"

"पडायची. व्हट निळं पडायचं."

शेवंते, त्या सखूच्या अंगात कुठनं बळ आलं कोण जाणे! विड्यांचं सूप उचललं आणि भिंतीवर फेकलं. "मग त्या भवानीनं मला सांगितलं का न्हाई? मी काय मेले हुते? येडी केली मला! समद्यांम्होरं येडी केली!" तुला अशा शिव्या दिल्या की शेजारपाजार गोळा झालं. तू असतीस तर लिहून घेतल्या असत्यास. गलका ऐकून कमळ भरलं ताट घेऊन धावत आली. सखूनं शिव्या न थांबवता पहिला घास घेतला. ठसका लागला, पाणी प्याली, परत शिव्या, परत घास.

भाऊजी दारातच उभे. कमळनं त्यांच्याही हातावर भाकरी ठेवली. उभ्या उभ्या खाल्ली त्यांनी, चटणीसुद्धा न मागता.

दुपारपर्यंत आळीभर झालं. आत्याबाई लेकाशी बोलत नाहीत. पारावर माणसं तोंडावर म्हणाली त्याला, बायकोला मरायला पाठवलंस म्हणून. त्यानं ऐकून घेतलं. त्याचं पीठ मी पोचवून आले. चूल पेटलेली नव्हती, ती पेटवली. आणखी काय करणार?

उद्या रविवार. आम्ही तिघी चांदबिबीच्या महालावर जातोय. सखूला जमेल तेवढं. आमच्या मालकांनी विचारलं, "आता ह्यो कसला नवस?"

म्हटलं, "नवस न्हाई. चढायला जाते."

"देवाला न्हाई?"

"न्हाई. नुसतं चढायला. वारं खायला. मैत्रिणींबरं बसायला."

ते म्हणाले, "बरं." एवढंच! शेवंते, नुसतं "बरं"! एवढ्यासाठी आपण इतके देव दमवले?

आता निजायच्या आधी एक कबूल करते. कळसूबाईच्या साखळ्यांपाशी तू घडोघडी थांबत होतीस. "मागं बघा गं, भंडारदऱ्याचं पाणी कसं चमकतंय!" चार पावलं झाली की परत, "बघा गं, आता आणखी लांबवर दिसतंय!" आणि आम्ही तिघी शहाण्यासारख्या माना वळवून पाण्याकडं बघायचो. तेवढ्यात तू दम घेत होतीस. आज कळलं मला ते, भाऊजी पोत्यावर बसले तेव्हा.

उद्यापासून आमच्यातली कुणी वाटेत थांबली आणि म्हणाली, मागं बघा, कसं छान दिसतंय, तर मी मागं बघणार नाही. तिच्या तोंडाकडं बघेन.

तुझी,
हौसा