शिडीच्या खेळाला तिसरा नंबर

॥ श्री ॥

१२ डिसेंबर, सकाळ

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. तूही ठीक असशील असं मीच धरून चालते, कारण तब्येतीचं विचारलेलं सोडून बाकी सगळ्याला तू उत्तर देतेस. हे पत्र गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पानांवर मागून लिहिते आहे. इतकी गुळगुळीत कोरी बाजू रद्दीत घालवायला माझा हात धजत नाही. हसू नकोस.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. आत बाबांच्या नावाचं वेगळं बंद पाकीट होतं, तेही मिळालं. देते त्यांना.

आता तुझ्या यादीचं. तुमच्या ऑफिसात वर्ष संपताना प्रत्येकजण आपल्या आवडत्या पाच व्हिडिओ गेमांची यादी क्रमवार भिंतीवर लावतो आणि यंदा तुला बाबांचीही लावायची आहे, हे वाचून मी कपाळाला हात लावला. या माणसाने पस्तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. 'ज्या कॉम्प्युटरने माझ्या पोटावर पाय दिला त्याच्यापाशी जाऊन बसलीस' असं तुला बोलून तीन वर्षं तोंड फिरवून बसला. आता त्याला पहिला खेळ कुठला, दुसरा कुठला, असं विचारायचं आणि ते मी. तुमच्या दोघांच्या मध्ये मी म्हणजे दाराची बिजागरी झाले आहे. दोन्हीकडून आपटा, वर कुरकुरते म्हणून तेलही मीच घालायचं.

पण विचारलं. दोन दिवस विचार केला त्यांनी. मुलीला स्थळ बघतानासुद्धा कोणी इतका करत नाही. शेवटी त्यांनी सांगितलं ते मी घरच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं, तसंच खाली देते.

पाचवा: गाड्यांची शर्यत. हा यादीत घेतला तो केवळ पाच भरायचे म्हणून. ते म्हणतात, एवढ्या वेगात गेलं तर रस्त्याकडेच्या पाट्या वाचायच्या कशा? मला विचारशील तर हा खेळ मुळीच घ्यायला नको होता. समोर भिंत दिसत असते, ती भिंत आहे हे कळत असतं, आणि गाडी त्याच भिंतीवर जाते. तीनदा झालं. चौथ्यांदा शेजारून, 'तुला भिंतीत काही दिसतं का?' असं ऐकायला लागलं.

म्हणजे, मी अधूनमधून बघायला बसते तेव्हा.

चौथा: तळ्यावर गळ टाकून बसायचा तो. त्यांना हा वर घ्यायचा होता, पण मासा लागला की परत पाण्यात सोडला जातो, त्यामुळे वर्षभरात टोपलीत एकही मासा जमला नाही आणि पुढचं तळं काही उघडलं नाही. कोण सोडतं म्हणून विचारू नकोस. जिवंत आहे तो, चित्रातला असला म्हणून काय झालं? यावरून घरात जेवढा वाद झाला तेवढा तुझ्या जाण्यावरूनही झाला नसेल.

दूध ठेवलं आहे गॅसवर. बाकीचं उद्या.

१३ डिसेंबर

दूध कालही उतू गेलं. या खेळांतल्या अर्ध्यांना मध्येच थांबवायची सोय नाही. तुमच्या ऑफिसात एखादी घर चालवणारी बाई का ठेवत नाहीत? पहिल्या दिवशी सांगेल, की बाबांनो, माणसाला उठावं लागतं.

तिसरा नंबर मागे ठेवून आधी दुसरा आणि पहिला सांगते.

दुसरा: टेम्पोत सामान रचायचा. कपाट, गाद्या, बादल्या, हंडे, सगळं एका टेम्पोत बसवायचं आणि दार लागलं पाहिजे. याचे सगळे टप्पे पूर्ण झाले आहेत. आत्या आली होती, तुझ्या बाबांची बहीण, तुला ठाऊक आहे तिची जीभ. दारातून बघितलं आणि म्हणाली, 'वहिनी, या वयात हे काय?' मी म्हटलं, तुमच्या भावाचा व्यायाम आहे. मग तीच दीड तास बसली आणि बादलीत हंडा घाल, हंड्यात तांब्या घाल, अशी ओरडत राहिली. चहा निवला तिचा. माझ्या मते याला पहिला द्यायला हवा होता, पण यादी माझी नाही.

पहिला: पोस्टमनचा. डोंगरावरचं जुनं गाव आहे, पाठीवर थैली घेऊन पत्रं वाटायची. यात काय आवडलं असेल सांग. पत्रं नव्हे. दुकानांवरच्या पाट्या. एकेका दुकानासमोर थांबायचं, मान वर करायची, आणि यांचं सुरू, 'हे बघ, इथे ब्रश उचललाय. इथे रंग संपत आला होता, तरी रेघ तुटू दिली नाही. हे हाताने काढलंय कोणीतरी, यंत्राने नाही.' थैलीतली पत्रं थैलीत. लोक दारात वाट बघत उभे. मी म्हणते, अहो, त्या म्हातारीचं पत्र द्यायचं आहे, ती सकाळपासून उभी आहे. तर म्हणतात, उभी राहू दे, अक्षर बघ. वर्षभरात त्या गावात अकरा पत्रं वाटून झाली असतील. पण पहिला नंबर म्हणजे पहिला, त्यांचं ठरलं आहे.

राहिला तिसरा. तो तुझा. तुम्ही केलेला शिडीचा.

एकाने खाली शिडी धरायची, दुसऱ्याने वर चढून पाटी रंगवायची, हात थरथरला की रंग खाली सांडतो. हा खेळ कुठून आला हे मला सांगायला नको. सात वर्षांची असल्यापासून तू त्यांची शिडी धरायचीस, वरून रंगाचे थेंब पडून तुझ्या वेण्या निळ्या व्हायच्या आणि मी रॉकेलने पुसत बसायची. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला पदर तोंडाला लावावा लागला. मी त्यांना म्हटलं, याला तरी पहिला द्या, पोरीने केलाय. तर म्हणाले, 'पोरीने केलाय म्हणून नंबर द्यायचा तर यादी कशाला, आशीर्वादच दे.' तिसरा का म्हणून विचारलं, तर, त्यातल्या चहावाल्याच्या पाटीवर अक्षरं उजवीकडे घसरली आहेत.

ही झाली यादी. पाकीट अजून द्यायचं राहिलं आहे. देते.

१६ डिसेंबर

पत्र टाकायचं राहिलं असं लिहिणार होते. पण खोटं आहे ते. पत्र तयार होतं, तिकीट लावलेलं होतं, पेटी कोपऱ्यावर आहे. टाकलं नाही.

सकाळी देवापुढे बसले तर मन लागेना. पाकीट मी देवाच्या फळीवर समईमागे ठेवलं होतं. म्हणजे रोज दिवा लावताना ते पाकीट दिसायचं आणि मी देवाकडे बघायच्या ऐवजी त्याच्याकडे बघायची. देवामागे वस्तू लपवणारी बाई मी, आणि उपास करते. आता सगळं लिहिते, सलग वाच, मध्ये फोन करू नकोस.

भिंगरी, बाबांचा उजवा हात बरा नाही. झालाच नाही.

गेल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला तेव्हा बोटं मिटली ती मिटलीच. झाकली मूठ म्हणतात, तशी. तू हे खेळांचं यंत्र पाठवलंस तेव्हा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईही खूश झाल्या. म्हणाल्या, रोज वीस मिनिटं बटणं दाबू देत, बोटं सुटतील. पहिल्या दिवशी यांनी तो रिमोट मांडीवर घेतला, डाव्या हाताने उजवा अंगठा उचलून बटणावर ठेवला आणि दाबायला गेले. काही होईना. पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा रिमोट बाजूला सारला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

पडद्यावर शिडीचा खेळ तसाच सुरू होता. मला तो बंद कसा करायचा ते ठाऊक नव्हतं. तेवढ्यात एक माणूस येऊन शिडीपाशी उभा राहिला आणि वर अक्षरं उमटली, 'बाबा, तुम्ही आहात?'

तीन वर्षांनी पोरीने तिकडून खेळातून बापाला हाक मारली आणि समोरून कोणी ओ देत नाही, हे मला बघवेना. मी रिमोट उचलला. उत्तर लिहायचं कसं ते कळेना, म्हणून दिसेल ते बटण दाबलं. आपल्या माणसाने उडी मारली.

तू शिडी धरलीस. मी चढले.

त्यानंतर तू पुन्हा शब्द लिहिला नाहीस. नुसती यायचीस आणि शिडी धरायचीस. तुम्ही दोघं एकाच हाडाचे. मग हेही हळूहळू बाहेर येऊन शेजारी बसायला लागले आणि मला सूचना द्यायला लागले. डावीकडे घे. रेघ ओढताना श्वास धर. वर बघ, रंगाकडे बघू नकोस. खेळात तुझ्या बाबांचं नाव आहे हे त्यांनी पाहिलं होतं, पण म्हणाले, नावाचं काय, विजेचं बिल अजून माझ्या बापाच्या नावाने येतं. त्यांना वाटलं, मी तुला फोनवर सांगितलं असेल, माय-लेकींचा खेळ चालला आहे आणि आपण फुकटचे सल्लागार. मी त्यांना तसं वाटू दिलं. तुला वाटलं हात बाबांचा. मी तुलाही तसं वाटू दिलं. गाड्या, मासे, पत्रं, टेम्पो, सगळं मीच. चाळीस वर्षं जपमाळ ओढलेला अंगठा आहे माझा, इतर काही नाही तर तो तरी पक्का आहे. नाव घेत घेत चढायची, रंग सांडायचा थांबला. आणि तू फोनवर मला म्हणालीस, 'आई, बाबांचा हात आता थरथरत नाही, दिसतं मला.' मी म्हटलं, देवाची कृपा. आणि फोन ठेवला.

म्हणून तुझ्या पत्रात जेव्हा वाचलं, की पुढच्या खेळातली सगळी अक्षरं बाबांच्या हातची असावीत, तसं तू साहेबांना सांगून बसली आहेस, महिनाअखेरीस कागद आणि ब्रश घेऊन येतेस, आणि बंद पाकिटात त्यांना तेच विचारलं आहेस, तेव्हा ते पाकीट मी समईमागे सारलं. तू साहेबांपुढे तोंडघशी पडणार आणि हे तुझ्यापुढे. एका उडीपायी.

आज दुपारी पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं आणि हे सगळं असंच सांगितलं. वाटलं, आता इतक्या वर्षांत फेकलं नाही ते सगळं फेकतील. त्यांनी डाव्या हाताने आणि दातांनी पाकीट फोडलं, तुझं पत्र वाचलं, घडी घातली, उघडलं, पुन्हा वाचलं. मी म्हटलं, अहो, ओरडा तरी.

तर म्हणाले, "म्हणजे वर्षभर ती शिडी माझ्यासाठी धरत होती?"

मी हो म्हटलं.

"मला वाटलं, तुझ्यासाठी."

एवढंच. मग चष्मा पुसायला दिला माझ्याकडे, एका हाताने पुसता येत नाही त्यांना, आणि मी पुसून दिला तर तो लावलाच नाही.

संध्याकाळी मी विषय काढला, की यादी अजून माझ्याकडेच आहे, आता तिसऱ्याचा पहिला करायचा असेल तर खाडाखोड करते. जरा हसू आलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. "तिसराच. पाटी घसरलेली आहे. ये म्हणावं तिला, दाखवतो कुठे घसरली ते." आणि कामाचं काय कळवू म्हटलं, तर उजव्या मुठीकडे बघत म्हणाले, "हात तिने आणावा. डोळे देतो."

तेव्हा काय ते तू ठरव. साहेबांना खरं सांग, माझ्यावर घाल सगळं. अक्षरं त्यांच्या हातची होणार नाहीत, तुझ्या हातची होतील, आणि हे शेजारी बसतील. त्याचा अर्थ काय होतो ते मी वर्षभर भोगलं आहे. श्वास घ्यायचा नाही, रंगाकडे बघायचं नाही, आणि नीट झालं तर 'हं' एवढंच. तरीही ये. रागावून का होईना, पण ये. खोटं मी बोलले, त्याचं शासन त्यांना नको.

आणि एक मागणं आहे. काल तू खेळात आलीस तेव्हा मी नेहमीसारखी वर चढले, आणि तुला काही सांगितलेलं नाही हे आठवून उतरायचंच सुचेना. तशीच यंत्र बंद करून उठले. आता आलीस की आधी शिडी नीट धर आणि मला खाली घे. एका वर्षाचे पाय दुखताहेत.

वर्षभर तुझे बाबा झालेली,
तुझी आई