बारशाआधीचं नाव

अल कुसैस, शुक्रवार, १२ मार्च १९९९

घाईच केली मी. मेळ्यात एक चिनी म्हातारा कुंचल्याने लोकांची नावं चिनीत लिहून देत होता. मी लेकीचं लिहून घेतलं, मीरा. पण बारसं तर रविवारी! आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. शाई ओली, म्हणून कागद बसमध्ये दोन्ही हातांवर धरून आणला. लेकीला अजून असं धरलेलं नाही; ती गावी जन्मली, मी इथे आखातात.

शेवटी बहिणीला फोन करून कबूल केलं. सुमन रागावेल असं वाटलं होतं. म्हणाली, "दादा, रविवारी फोन कर. रिसीव्हर पाळण्यात धरते. आधी तू सांग तिच्या कानात, मग मी."

शाई वाळली एव्हाना. पण गावाला फोन म्हणजे मी ओरडतोच. फोन ठेवल्यापासून नाव हळू म्हणून बघतोय. मीरा.