कांदिवलीच्या खाणीतला हिरवा दगड

आई, आज दुकानात एक बाई आल्या होत्या. हिरव्यात काही वेगळं आहे का विचारलं, म्हणून तुझा दगड काढून नुसता दाखवला. कुठल्या देशातला, म्हणाल्या. मी म्हटलं, आपल्या कांदिवलीचा. त्यांना पटेना. पटणार कसं? आजोबा जिथे काळा दगड फोडायचे, तिथे आता टॉवर उभे आहेत. मग मी सगळं पुराण लावलं. फार पूर्वी इथे लाव्हा पसरला, थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या, त्यांत गरम पाणी झिरपत राहिलं आणि हा हिरवा थर धरला. नाव प्रेहनाइट. आजोबांना नाव ठाऊक नव्हतं. खाणीत सगळे त्याला गारगोटी म्हणायचे आणि खडीच्या यंत्रात लोटून द्यायचे. आजोबांनी एवढाच तुकडा जेवणाच्या डब्यातून घरी आणला, आणि तू तो मिठाच्या बरणीशेजारी ठेवलास. कच्च्या द्राक्षाचा रंग, आणि आत मंद उजेड. भाजी चिरतानाही तुझं लक्ष तिकडे जायचं.

अंधेरीच्या कारखान्यात तू खड्यांना पॉलिश करायचीस, दुसऱ्यांच्या अंगठ्यांसाठी, लॉकेटसाठी. दहावीनंतरच्या सुट्टीत मी तिथे शिकायला आले आणि तू तोच तुकडा माझ्या हातात दिलास. आजोबांची नजर जात चालली होती. ती पुरती जायच्या आत त्यांना त्याचं लॉकेट दाखवायचं होतं. घासायच्या चाकावर सारखं पाणी पडत असतं, आणि ओला दगड कसाही घासलेला असो, चकाकतोच. मी तो मिरवत तुझ्याकडे आणते. तू मान वर न करता म्हणतेस, "ओलो दगड फसवता गो. पुसून आण." पुसला तर नुसते ओरखडे. तीन दिवस मी घासतेय आणि तू परत पाठवतेयस. मला तुझा भयंकर राग आला होता. तिसऱ्या दिवशी दगड माझ्या हातातून निसटून फरशीवर पडला आणि कडेपासून चीर गेली. मी तो ओला करूनच तुझ्यापुढे धरला आणि म्हटलं, घासायला धरता यावा म्हणून गरम लाखेने काठीवर चिकटवताना तापून तडकला.

तू तो पदराने पुसलास आणि उजेडाकडे धरलास. तडकलेला भाग कापून उरलेला खडा स्वतः पूर्ण केलास. घरी आजोबांना सांगितलंस, "माझ्याच हातान तडाकलो." ते दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. तू गुपचूप त्यांना वाढत राहिलीस आणि मी खाली मान घालून जेवत राहिले.

आता या कामात माझेही केस पांढरे झाले. तापून तडकलेला दगड आतून तडकतो. पडलेल्याच्या कडेला टवका उडालेला असतो. हे कुणीही चार महिन्यांत शिकतं, तुला तर बघताक्षणी कळलं असणार. तरी दुसऱ्या दिवशी तू मला पुन्हा चाकावर बसवलंस. तेव्हा घरी पाठवलं असतंस तर मी परत आले नसते. आज जे काही आहे ते त्या सकाळमुळे आहे, आणि हे मी तुला एकदाही सांगितलं नाही.

हे पत्र तुझा दगड ठेवते त्या डबीतच घडी करून ठेवते, तू गेल्यावर दुसरीकडे कुठे पाठवणार? तू कापूनही खड्यात केसाएवढी चीर अजून आहे. पाणी लागलं की ती दिसत नाही. त्या बाईंच्या हातात देण्याआधी मी तो नेहमीसारखा वाटीतल्या पाण्यात बुडवून घेतला.