आमच्या गल्लीत इंटरनेट नाही

३ मार्च, सोमवार
पेपरात बातमी. सरकारचं नवं धोरण : घरोघर इंटरनेट. प्रत्येक वॉर्डात एक केंद्र, तिथे फुकट वापर, वर फुकट शिक्षण. मंत्र्यांचा फोटो हसरा. फुकट देणारा माणूस हसायला लागला की मी आधी खिसा चाचपतो.

आपलं दुकान म्हणजे तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि मध्ये प्लायवूडचे आडोसे. ही उताराची गल्ली खोलगट, मोबाईलला रेंज नाही. त्यामुळे अर्ज, निकाल, नोकरीचे फॉर्म, परदेशातल्या पोरांची तोंडं बघणं, सगळं माझ्याकडे. याआधी इथेच माझा टेलिफोन बूथ होता. मोबाईल आला आणि बूथ बसला. तेव्हा मी बेसावध होतो. एकदा बुडालो, पुन्हा शून्यातून उभा राहिलो. पुन्हा बुडायला अंगात तेवढी हौस नाही.

बायकोला बातमी वाचून दाखवली. म्हणाली, अहो, बरंच होईल की लोकांचं.
लोकांचं! आणि आपलं?

संकल्प : घाबरायचं नाही. लक्ष ठेवायचं.

५ मार्च
लक्ष ठेवलं. सकाळी एक अनोळखी माणूस गल्लीत उभा. मान वर करून विजेच्या खांबांकडे टक लावून. मी दारातूनच गोड आवाजात विचारलं, काय साहेब, काय शोधताय? म्हणाला, मानेचा व्यायाम चाललाय, डॉक्टरांनी सांगितलाय.

व्यायाम! आमच्याच खांबाखाली! दुपारपर्यंत तो शेजारच्या शिंप्याकडे बसून होता. नंतर शिंप्याला विचारलं. तो म्हणाला, अरे, माझा साडू आहे तो.

असेल. सरकारी माणसालाही कुणी ना कुणी साडू असतोच.

७ मार्च, दुपार
मोठी बातमी हाती. नगरपालिकेतला कारकून मुलाचा निकाल छापायला आला. आडोशामागे बसून माझ्या जुन्या बूथच्या फोनवरून बोलत होता. मी प्रिंटरमध्ये कागद अडकल्याचं सांगून मशीन उघडून बसलो आणि ऐकलं. पुढच्या आठवड्यात घरोघर सर्व्हे. कुणाकडे इंटरनेट आहे, कोण वापरतं, कुणाला येतं. त्यावरून ठरणार कुठे आधी द्यायचं.

कारकून जाताना म्हणाला, तुमचा प्रिंटर फार अडकतो हो. मी म्हटलं, हो ना, वय झालं त्याचं.

रात्री जेवताना डोक्यात लख्ख प्रकाश. मी धंदेवाला माणूस. जिथे गिऱ्हाईक नाही तिथे मी कधी दुकान टाकलंय? नाही. सरकार म्हणजे तरी काय, मोठं दुकानच. आमच्या गल्लीत कुणी इंटरनेट वापरतच नाही, कुणाला गरजच नाही असं दिसलं तर ते कशाला येतील इथे? सरळ पुढच्या वॉर्डात जातील.

म्हणजे सगळ्यांनी एकच सांगायचं. नाही. माहीत नाही. नको.

इतकं सोपं! मंत्र्यांच्या दहा सल्लागारांना जे सुचणार नाही ते मला भाकरी मोडता मोडता सुचलं.

८ मार्च
प्रचार सुरू. माणूस बघून कारण.

मास्तरांना (निवृत्त, अजूनही हातात छडी असल्यासारखे बोलतात) सांगितलं, सरकार तुमची माहिती गोळा करून ठेवेल. मास्तर भडकले. म्हणाले, माझ्याबद्दलची माहिती? मी स्वतः कुणाला सांगत नाही ती! लगेच तयार.

कोपऱ्यावरच्या मावशींना सांगितलं, त्या लहरींनी डोकं दुखतं. म्हणाल्या, मग तुझ्या दुकानात का नाही रे दुखत? मी म्हटलं, माझ्या लहरी जुन्या आहेत, तुमच्या ओळखीच्या. हसल्या. हसल्या म्हणजे तयार.

शिंप्यापाशी मात्र कारण चाललं नाही. त्याची मुलगी परदेशात, दर रविवारी माझ्याकडे बसून तिच्याशी बोलतो. मी खरं ते सांगितलं. केंद्र आलं तर माझं दुकान बंद. त्याने सुईत दोरा ओवला, गाठ मारली, मग म्हणाला, बरं बाबा, तुझ्यासाठी नाही म्हणतो.

चेहरा मात्र उतरला होता. का उतरावा? काही तरी लपवतोय. नजर ठेवणे.

११ मार्च
सर्व्हेवाली बाई उद्या येणार. दुकानाची तयारी. ‘इंटरनेट’ लिहिलेला बोर्ड उलटा करून त्याच्या मागच्या बाजूला रंगाने ‘झेरॉक्स’ लिहिलं. अक्षर जरा तिरकं आलं, पण तिरकं अक्षर प्रामाणिक वाटतं. राउटरवर टोपली झाकली, टोपलीत कांदे.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, तुम्हाला विचारलं तर काय सांगाल, कॉम्प्युटर येतो का? मी म्हटलं, सांगणार, येत नाही. बटण दाबतो, कागद बाहेर येतो. तिने एक कांदा दाबून पाहिला. एवढंच म्हणाली, कांदे ओले आहेत.

१२ मार्च, बुधवार
दिवस जिंकला!

बाई तरुण, हातात टॅब. आमच्या दुकानापासून सुरुवात. मी खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. इंटरनेट? नाही हो बाई. कॉम्प्युटर येतो? छे, आमचं शिक्षण कुठे तेवढं. मग ही तीन मशीनं? म्हटलं, टायपिंग करतात पोरं, मला काही कळत नाही. बाईंनी मान हलवली. डोळ्यांत कणव दिसली. कणव म्हणजे माझं नाटक चांगलं चालल्याची खूण.

मावशींनी मात्र जरा ताणलं. इंटरनेट म्हणताच कानाला हात लावून म्हणाल्या, काय गं बाई ते, खायचं की लावायचं? मग बाईंचा टॅब अडकला तेव्हा मावशींनीच सांगितलं, बंद करून चालू कर, कधी कधी तसं होतं. मी खोकलो. मास्तरांनी एका दमात नकार दिला आणि वर बाईंना विचारलं, हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? शिंपी कमी बोलला. नाही म्हणाला आणि शिवत राहिला.

मी दुकान बंद करून बाईंच्या मागेमागे. सोबत म्हणून नव्हे, कुणी फुटू नये म्हणून. फक्त आमच्या घरी आत गेलो नाही, तेवढ्यात पुढच्या घराची उजळणी घेतली. तिथे बायकोने सांगितलं असणार. पढवलेलं होतं.

शेवटी घोटाळा. माहिती वर पाठवायला बाईंना रेंज मिळेना. म्हणाल्या, काका, इथे जवळपास कुठे इंटरनेट मिळेल? माझ्या पाठीमागे दुकान, दुकानात टोपली, टोपलीखाली लुकलुकणारा दिवा. म्हटलं, इथे कुठलं बाई! चला, वर चढणीवर जाऊ. बाईंची बॅग घेतली, छत्री धरली, धापा टाकत टेकाडावर चढलो. तिथेही रेंज येईना. मी उंच, म्हणून टॅब माझ्याकडे दिला. दोन्ही हात वर करून उभा राहिलो, बाई खालून सांगतात, अजून वर काका, जरा डावीकडे. शेवटी माहिती गेली. आमच्या गल्लीचा नकार मी माझ्या हातांनी आभाळातून सरकारकडे पोचवला.

बाई म्हणाल्या, काका, तुमच्यासारखी माणसं असली की काम सोपं होतं.
हात अजून दुखतायत. सुखाचं दुखणं.

१४ मार्च
बोर्ड पुन्हा सुलटा केला. कांदे सडले, राउटर वाचला.

पुलापलीकडचा तो गॉगल भेटला. (त्याचंही इंटरनेटचं दुकान. आत बसूनही गॉगल काढत नाही, म्हणून हे नाव.) भोळा आहे बिचारा. सर्व्हेला छाती फुगवून सांगितलं म्हणे, माझ्याकडे इंटरनेट आहे, इतकी वर्षं चालवतोय, सगळं दाखवलं. मी मनात म्हटलं, संपला तू. वरवर म्हटलं, शुभेच्छा. हात मिळवला. हातही गार होता त्याचा.

१९ मार्च
शिंपी आणि सर्व्हेवाली बाई चहाच्या टपरीवर बोलताना दिसले. मी खांबाआड. नीट ऐकू आलं नाही, पण शिंपी दोनदा ‘केव्हा’ म्हणाला. केव्हा काय? एवढ्या ओळखीचा शिंपी, त्याच्याकडे मी पाच पँटी शिवल्या.

संकल्प : सहावी दुसरीकडे.

२ एप्रिल
शांतता. इतकी शांतता की संशय येतो.

बायको हल्ली दुपारी घरी वाचत बसते. काय म्हणून विचारलं तर म्हणाली, असंच. पुस्तकाला कव्हर घातलंय. स्वयंपाकघरात गुणगुणते. दुकानावर संकट घिरट्या घालत असताना ज्या घरात गुणगुणणं चालतं, त्या घरात पाणी कुठे तरी मुरतंय.

२१ एप्रिल, सोमवार
काही तरी चूक झाली आहे. सरकारची.

समोरचं बंद गोदाम उघडलं. माणसं आली, खणलं, केबल टाकली. मी मुकादमाला म्हटलं, चुकीच्या वॉर्डात आलात, इथे कुणाला नको आहे. त्याने कागद बघून म्हटलं, हाच. या शहरात पहिलं केंद्र इथेच. सगळ्यांत मागासलेला वॉर्ड हा आहे म्हणे.

मागासलेला! आमचा वॉर्ड? माझं दुकान असताना?

२२ एप्रिल
कारकुनाकडे गेलो. प्रिंटर अडकल्याचा राग त्याच्या मनात अजून आहे, पण बोलला. म्हणाला, अहो, धोरणच तसं आहे. ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांना आधी. तुमच्या गल्लीने तर कमाल केली. एकही घर हो म्हणालं नाही. वर रेंज पण नाही, सर्व्हेवाल्या बाईंना टेकाडावर चढावं लागलं, तेही त्यांनी लिहिलंय. वरच्या साहेबांनी तुमच्या गल्लीचा नमुना म्हणून भाषणात उल्लेख केला.

मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, बरं, केंद्र येणारच असेल तर ते चालवायला माझ्याकडे द्या. अनुभव आहे, मशीनं आहेत. तो म्हणाला, जिथे आधीच इंटरनेटचं दुकान आहे, तिथे केंद्र त्याच दुकानदाराला देतात, धोरणात कलम आहे. पुलापलीकडच्या त्या गॉगलवाल्याला पुढचं केंद्र मंजूर झालंय बघा, सरकारी लाईन, नवी मशीनं, सगळं. पण कागदावर तुमच्या गल्लीत दुकानच नाही.

म्हटलं, मी आहे ना!
म्हणाला, नोंदीत तुम्ही झेरॉक्सवाले. आणि कॉम्प्युटर येत नाही असं तुम्हीच सांगितलंय.

म्हटलं, खोटं सांगितलं होतं. तो एकदम सरळ बसला. म्हणाला, तसं असेल तर लेखी द्या. मग सगळ्या घरांची चौकशी लागेल, कोण खोटं बोललं, कुणी बोलायला लावलं.

मास्तर, मावशी, शिंपी, एकेकाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. म्हटलं, नाही, गंमत केली.
तो म्हणाला, तुमच्या गल्लीत गंमत फार.

२३ एप्रिल
गॉगल रस्त्यात भेटला. स्वतःहून थांबला, गॉगल काढला आणि हात पुढे केला. शुभेच्छा म्हणाला. डोळे किती छोटे आहेत त्याचे.

शिंप्याला जाब विचारला, टपरीवर ‘केव्हा’ काय विचारत होतास? म्हणाला, केंद्र केव्हा येणार, ते. पोरीचा चेहरा तुझ्या मशीनवर अर्धा दिसतो रे, हनुवटी कधी दिसतच नाही. तुझ्यासाठी नाही म्हणालो, पण मनातून हो होतं.

पँट शिवायला टाकली.

५ मे
नवा डाव. केंद्राला गल्लीतलाच एक माणूस चालक म्हणून पाहिजे. पगारी. अर्ज मी करू शकत नाही, पण निवड ज्याची होईल त्याला मी पंखाखाली घेईन. चालक त्यांचा, चालवणार मी. निवड सर्व्हेतल्या नोंदींवरून होणार म्हणे. आमच्या गल्लीत कुणाला काही येतच नाही, मग निवडणार कुणाला? सरकार पेचात सापडलं!

९ मे
पेच सुटला. पूर्ण गल्लीत एकाच माणसाची नोंद आहे ‘कॉम्प्युटर येतो’ अशी.

माझी बायको.

मी म्हटलं, तू सांगितलंस? म्हणाली, इंटरनेट आहे का विचारलं, नाही म्हटलं, तुम्ही सांगितलं होतं तसं. कॉम्प्युटर येतो का विचारलं, येतो म्हटलं. त्यावर तुम्ही मला काही पढवलं नव्हतं. आणि इतकी वर्षं तुम्ही दुपारी झोपता तेव्हा दुकान कोण चालवतं? पुस्तक केंद्राच्या परीक्षेचं होतं, सर्व्हेवाल्या बाईंनी दिलेलं. पास झाली. कव्हर का घातलं, विचारलं. म्हणाली, तुम्ही उगाच संशय घेता म्हणून.

२ जून
केंद्र सुरू. मंत्री आले नाहीत, त्यांचा फोटो आला. सकाळपासून गर्दी. मास्तर पहिले. मावशी दुसऱ्या. शिंपी मुलीशी बोलला, बाहेर येऊन डोळे पुसले आणि मला म्हणाला, हनुवटी अगदी तिच्या आईसारखी आहे रे.

मी दुकान उघडून बसलो. कुणी आलं नाही. नंतर आले, सगळेच आले. समोर बसायला जागा नाही, नंबर लागेपर्यंत तुझ्या खुर्च्यांवर बसतो म्हणाले. बसा म्हटलं. पंखा लाव म्हणाले. लावला.

मग समोरून बायकोने हाक मारली, अहो, पुढचा नंबर पाठवा.

पाठवला.