तृतीयेची ओहोटी

गोराई खाडी, पडावावरून
८ मे १९८७

प्रिय कमल,

तुझं पत्र मिळून तीन आठवडे झाले. नंदकिशोरने ते पाण्याच्या कॅनबरोबर आणून दिलं, एक कोपरा भिजलेला होता, पण अक्षर शाबूत होतं. लग्नाला येणार की नाही ते एका ओळीत कळवा, असं तू लिहिलंस. आई म्हणते, यायचं तर माणसासारखं चार दिवस आधी या, नाहीतर येऊच नका, ती नवऱ्याच्या जागी कमरेला सुपारी खोचून कन्यादान उरकेल, हेही तू लिहिलंस. तुझ्या आईने सांगितलं ते तू जसंच्या तसं लिहिलंस, हे बरं केलंस. एका ओळीत उत्तर देणं मला जमलं असतं, पण माझ्या एका ओळीवर तुमच्या घरात कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून मी थांबलो.

आज दशमी. दुपारचे दोन वाजलेत, पाणी उतरलंय आणि पडाव चिखलावर बसलाय. पाणी असलं की इथे बसून लिहिता येत नाही, सतत काहीतरी हलत असतं. आता सगळं शांत आहे. बळवंत तांडेल सावलीला पडून विडी ओढतोय. तांडेल म्हणजे ज्याच्या हाताखाली पडाव चालतो तो. पडाव तू पाहिला नाहीस. रेती वाहायचं लाकडी धूड आहे, बेस्टच्या दोन बसगाड्या एकामागे एक लावल्या तर होईल एवढं लांब. बुडी मारून रेती काढणारे डुबीवाले आठ जण, ते कामापुरते येतात आणि घरी जातात. उधाणाच्या दिवसांत पाणी भरपूर असतं तेव्हा रेती भरायची आणि बंदराला नेऊन उतरवायची. मधल्या दिवसांत पाण्याला जोर नसतो, भरलेला पडाव हलत नाही, तेव्हा चिखलात रोवलेल्या या खुंट्याला बांधून राहायचं. राहणारे आम्ही दोघेच. मी स्वयंपाक करतो, पाणी उपसतो आणि दोर सांभाळतो.

तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, मी बरा आहे. तेलाच्या डब्यात रेती भरून तिच्यावर चूल मांडलीय, भात-कालवण होतं. चिखलात निवट्या सापडतात, चिंबोऱ्या सापडतात. चिंबोरीचं कालवण मी आता तुझ्या आईपेक्षा चांगलं करतो, हे तिला सांगू नकोस. गोडं पाणी दोन कॅन, त्यात दोघांचं पिणं आणि भात शिजवणं. आंघोळ खाडीत, त्यामुळे अंगावर मीठ राहतं आणि खाजवत बसावं लागतं. गिरणीत बावीस वर्षं विणायच्या साच्यांच्या आवाजात काढल्यावर कानांची वाट लागली होतीच. पहिले काही दिवस इथल्या शांततेत मला धड झोप येत नव्हती. मी ओरडून बोलायचो. बळवंत म्हणायचा, अरे सहदेवा, मी तुझ्या शेजारी बसलोय, वसईला नाही. आता आवाज खाली आलाय. तुला फरक कळेल.

घड्याळ आहे, पण ते बघायची गरज पडत नाही. तिथी कळली की पाण्याची वेळ कळते. पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारी आणि रात्री बाराच्या सुमाराला भरती, पुढे दर दिवशी पाऊण तास उशिरा. शुद्ध असो की वद्य, खाडीला दोन्ही पंधरवडे सारखेच. अक्षय तृतीयेला जेव्हा पाणी उतरतं तेव्हाच पंधरा दिवसांनी वद्य तृतीयेलाही उतरतं. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागेल.

चारकोपच्या वास्तुशांतीचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो, कारण तू सासरी जाशील आणि मग बापाबद्दल तुला दुसऱ्यांकडूनच ऐकायला मिळेल.

लालबागची खोली सोडून तुम्ही चारकोपला गेलात तेव्हा मी पडावावर येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. वास्तुशांत पौर्णिमेच्या संध्याकाळी होती. तुझ्या आईने मला जांभळ्या काठाचं धोतर आणून ठेवलंय, असा निरोप होता. मी दाढी केली होती. दुपारी बारा वाजता पाणी काठोकाठ होतं. बळवंतने मला पडाव खुंट्याला बांधायला सांगितलं आणि तो चुलीपाशी गेला. मी बांधला. चांगला आवळून बांधला, खेचून पाहिला, दोर तसूभर हलत नव्हता. गिरणीत सैल धागा म्हणजे कापडात खोट, मुकादमाच्या शिव्या. सैल ते चूक, हे माझ्या हातांना बावीस वर्षं शिकवलेलं. पडावाचा दोर मात्र भरतीला ढिला ठेवायचा असतो आणि पाणी उतरेल तसा सोडत जायचं असतं, हे बळवंतला सांगावंसंही वाटलं नाही. त्यांच्याकडे हे पोरांना न शिकवता येतं. आणि मी विचारलं नाही. संध्याकाळी ताजातवाना दिसावं म्हणून मी जरा आडवा झालो.

मी जागा झालो तो घरंगळतच. पाणी खाली गेलं होतं आणि पडावाचं पुढचं टोक त्या दोराला लटकलं होतं. सगळं धूड एका कुशीवर कललं. चूल गेली, भांडी गेली, माझी पेटी गेली. पाण्याचं मोठं पिंप भरलेलं होतं, ते सुटलं आणि चुलीपाशी बसलेल्या बळवंतच्या पायावर गेलं. मी कोयत्याने दोर तोडला. मग त्याला पाठीवर घेतलं आणि मांडीएवढ्या चिखलातून तिवरांच्या कडेने बाहेर काढलं. तो माझ्या कानाशी शिव्या देत होता, आणि मधेच थांबला की मला भीती वाटायची. इस्पितळात पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. त्याच वेळी तिकडे तुझी आई कमरेला सुपारी खोचून एकटी पाटावर बसली होती.

दुसऱ्या दिवशी मधुकर मला शोधत बंदरावर आला. तुझ्या काकाला तू ओळखतेस, तो काही राखून सांगत नाही. म्हणाला, वहिनी सगळ्यांसमोर बोलल्या, नवऱ्यापेक्षा सुपारी बरी, ठेवली तिथे राहते. तो हसला, मीही हसलो. खरं सांगू, वाक्य चांगलंच होतं. तेव्हा मला सगळं सांगता आलं असतं. पण माझ्या आवळलेल्या दोरामुळे एका माणसाचा पाय गेला, हे मधुकरच्या तोंडून सगळ्या नातेवाइकांत फिरलं असतं. गिरणी बंद झाली त्यात माझा दोष नव्हता, तरी तीन वर्षं माझ्याकडे तशा नजरा होत्या. आता दोष खरंच माझा होता आणि तो सांगायची मला लाज वाटली. आलो नाही याचं कारण मग कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

दिवाळीला मी आलो होतो, तुला आठवत असेल. तुझ्या आईने मला कपबशीतून चहा दिला. पाहुण्यांची, निळ्या फुलांची. घरात माझा पितळी पेला होता, लालबागपासूनचा, तो मांडणीवर दिसत होता. मी चहा प्यायलो, घर छान आहे म्हटलं आणि निघालो. त्या कपबशीचं मला फार लागलं. तुझ्या आईच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

बळवंतचा पाय वाकडा जुळला. तो फळीवरून पुढच्या टोकापर्यंत जातो, पण बसून, हातांनी सरकत, आणि पाण्याला तेवढा वेळ नसतो. इस्पितळात त्याच्या खाटेपाशी मी त्याला सांगितलं होतं की तुझा पडाव असेपर्यंत दोर माझ्याकडे. तो म्हणाला, आधी बांधायला शीक. सव्वा वर्ष झालं, भरतीपासून ओहोटीपर्यंत दोरापासून मी हललो नाही. आता तुझ्या लग्नाचं कळल्यावर बळवंत रोज मला हाकलतोय. म्हणतो, चार दिवस काय, आठ दिवस जा, नंदकिशोर येऊन राहील. नंदकिशोर त्याचा पुतण्या, गोराईच्या तरीवर, माणसं नेणाऱ्या होडीवर असतो, तोही तयार आहे, भला माणूस. मीच नको म्हटलं. एकदा दोर बांधून मी निर्धास्त झोपलो होतो, पुन्हा मला तसं झोपता येणार नाही. चार दिवस तुमच्या मांडवात बसलो असतो तरी दर सहा तासांनी माझा जीव इकडे लागला असता आणि तुझ्या आईने ते बरोबर ओळखलं असतं. हा हट्ट आहे म्हणशील. आहे. तिची अट मी पाळू शकत नाही, हे तिला तसंच सांग, गोड करून सांगू नकोस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. तुझा मुहूर्त शनिवारी, सोळा तारखेला, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी. वद्य तृतीया. पत्र वाचून मी आधी कॅलेंडर पाहिलं. तृतीयेला पहाटे सव्वादोन-अडीचला भरती असते. सहाच्या आत पडावाचं बूड चिखलाला टेकतं. एकदा टेकलं की तो कुठे जात नाही, दोराला काम नाही, बळवंत निवांत चहा पीत बसू शकतो. पाणी परत लागतं ते साडेअकराच्या पुढे. म्हणजे सहा ते साडेअकरा मी मोकळा. तुझा मुहूर्त बरोबर त्याच्या मधे आहे. तुमच्या गुरुजींना हे माहीत असण्याचं कारण नाही.

पण हिशेब कागदावर जुळतो आणि पाय चिखलात अडकतो, हेही मला माहीत आहे. एकदा येतो म्हणून मी आलेलो नाही. म्हणून तुला लगेच लिहिलं नाही. अक्षय तृतीयेची वाट पाहिली, पाणी तेच आणि वेळही तीच. त्या दिवशी सहाला पडाव टेकला, मी उतरलो. चिखलाला अर्धा तास लागला, पुढे रस्त्याने चालत तुमच्या सेक्टरच्या नाक्यावर पोहोचलो तेव्हा आठला दहा कमी होते. तू नळावर उभी होतीस, हिरव्या परकरावर तुझ्या आईचा जुना ब्लाउज, शेजारणीशी बादलीवरून भांडत होतीस. जिंकलीस. तुझी आई ओट्यावर लग्नाच्या कुरडया वाळत घालत होती, बारीक झालीय. हाक मारावीशी फार वाटली. पण मी मांडीपर्यंत चिखलाने माखलेला होतो आणि तिने मला त्या अवतारात पाहून पुन्हा कपबशी काढली असती तर मला ते सोसलं नसतं. पानाच्या टपरीआड उभा राहून तुम्हाला बघितलं आणि परत फिरलो. सव्वादहाला पडावावर होतो, पाणी अजून लांब होतं.

तेव्हा शनिवारी मी येतोय. आठच्या आत. कन्यादान होईल, तुझ्या हातावर पाणी सोडेन, आणि लगेच निघेन, जेवायला थांबता येणार नाही. लोक बोलतील, बोलू देत. ते जांभळ्या काठाचं धोतर अजून असेल तर काढून ठेव. आणि हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते काम एवढंच आहे. मांडवाच्या पुढच्या बाजूने मी येणार नाही. मागे मोरीच्या दाराशी एक बादली पाणी भरून ठेव, नळाचं, आणि एक पायपुसणं. आईला आधी सांगायचं की नाही ते तू ठरव. सुपारी तिला तबकात खुशाल ठेवू दे, मी तिला दोष देत नाही. फक्त माझे पाय धुऊन होईपर्यंत ती आईला कमरेला खोचू देऊ नकोस.

चिखलातून येणारा, तुझाच,
बाबा