आबांच्या वाटचा केक

आई,

तुझ्या आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवतो.

फोन लागत नाहीत, म्हणून हे पत्र बोटीने निघालेल्या एका खलाशाच्या हाती देतोय. काळजी करू नकोस. लढाई लांब सीमेवर आहे, इथे फक्त विमानं बंद आहेत.

जेवणाची तर चंगळ आहे! आज सुटतील म्हणून विमानांसाठी आम्ही रोज भरलेली ताटं न उडताच स्वयंपाकघरात परत येतात. मुकादम म्हणतो, टाकण्यापेक्षा खा. माझं पोट सुटलंय, बघशील तर हसशील.

आबांच्या पोटात काही जातं का? दूध तरी? डॉक्टर काय म्हणाले ते ताईला लिहू दे, तू लपवतेस. त्यांनी मला विचारलं तर वाटेत आहे म्हणून सांग.

एक गंमत सांगतो. माझं तिकीट होतं त्या विमानाची ताटं मीच भरली. एकात केकचे दोन तुकडे ठेवले, एक मला, एक आबांना. झाकणावर खूण केली, विमानात वाढणाऱ्या बाईंनाही सांगून ठेवलं. मग नवा शर्ट घालून विमानतळावर जाऊन बसलो.

संध्याकाळी कामावर परत आलो, तर ताट माझ्याआधीच येऊन पोचलेलं. मुकादमाने ते माझ्यापुढे सरकवलं. नव्या शर्टातच उभ्याने जेवलो.

आबांचा तुकडा फ्रीजमध्ये ठेवलाय. रोज झाकण उघडून बघतो. अजून तरी चांगला आहे.

तुझा,
धाकटा