वाटलेलं गवत

सोलापूर,
१० नोव्हेंबर २०२३

ती. दादास,
धाकट्या चंद्रिकाचा सप्रेम जयभीम वि. वि.

मळणीयंत्रानं तुझे कान नेले. फोनवर मी ओरडते आणि तू भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतोस. त्यापेक्षा आपलं हे पत्रच बरं.

माझं पंपास गवत यंदा डोक्याच्या वर गेलंय. पांढरे तुरे नुसते डुलत असतात. हे गेल्यापासून अंगण उजाड होतं, तुला माहीत आहे. गुलाब लावले, मोगरा लावला. सोलापूरच्या उन्हानं सगळं भाजून काढलं. नर्सरीतून आणलेलं हे गवत तेवढं टिकलं. आता सकाळी फिरायला जाणारे फाटकाशी थांबतात, फोटो काढतात, चार शब्द बोलतात. बत्तीस वर्षं नर्स म्हणून भरल्या वॉर्डात राहिल्यावर रिकामं घर कसं खायला उठतं, ते काय सांगू! कॉलनीत नऊ घरी मी त्याचे ठोंब वाटले.

गेल्या वर्षी बाळावहिनी एक ठोंब घेऊन गेली, तो कसा आहे? तू म्हणे म्हणालास, गवताला कुणी पाणी घालतं का? घाल की जरा, बहिणीच्या नावानं.

वहिनीला जयभीम. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
चंद्रिका


मळा, दुधनी
२१ जुलै २०२४

चि. चंद्रिकास,
जयभीम आन् लई आशीर्वाद.

हितं समदी बरी हायेत. पाऊस बेताचा, तूर चांगली उगवली. पत्राला लई उशीर झाला, आन् आता तर लिवावं का न्हाय हेच ठरंना.

तुज्या वैनीनं तुजा ठोंब वढ्याच्या बांधावर लावला हुता. तुरं आलं तवा लोकं बगायला यायची, ती लई खूश. परवा तुरीत कोळपताना हिरवी पाती दिसली. मला वाटलं कुंदाचं तण. उपटाय गेलो तर बोट कापलं. मग वाऱ्याच्या अंगानं बगत गेलो. हितं चार, तितं धा. पार निम्म्या रानात.

आई आठवली बग. हे दोन एकर मिळालं तवा सगळा कुंदाच हुता. गाव हसायचं, ह्यांच्या हातनं काय हुतंय म्हणून. पर आपल्या आईनं, नागूबाईनं, एकटीनं पहारीनं तीन उन्हाळं कुंदा खणला. तू तवा बाभळीखाली झोळीत असायचीस.

तुला बोल लावत न्हाय. वैनी मातर दोन दिस धड जेवली न्हाय. तिला म्हणलं, तू लावलंस, पर पसरवलं वाऱ्यानं. बांधावरचा ठोंब आमी काडला. रानातलं एकेक उपटतोय.

पर एक इचारतो. तू नऊ घरी दिलंस म्हणतीस. त्या घरांमागं कुणाची रानं हायेत?

तब्येत सांबाळ. भावावर राग धरू नगंस.

तुजा दादा,
धोंडिराम


सोलापूर,
४ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

खरं सांगते, आधी रागच आला. माझ्या जिवाला लागलेली एक गोष्ट, तीही तुझ्या डोळ्यांत खुपावी? दोन दिवस पत्र पालथं घालून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी छत्री घेऊन निघाले. कॉलनीमागच्या नाल्यात तेच गवत. मोकळ्या प्लॉटवर तेच. नाल्यापलीकडे ईरप्पाचा मेथी-शेपूचा मळा आहे, त्याच्या वाफ्यांतही तेच. तो म्हणाला, बाई, ही कुठली पीडा आली की, म्हैससुद्धा तोंड लावंना. मी छत्री मिटली. मग सांगितलं, की ही माझी आहे, मी आणली. तो खाली बसून पुन्हा उपटायला लागला. मीही पदर खोचून शेजारी बसले.

आता ठरवलंय. आधी माझं अंगण, मग ती नऊ घरं, मग नाला आणि मळा. तुरे फुटायच्या आत. प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, की चूक माझी, खणून मी देते. आठ घरं हो म्हणाली. नववे रुद्रप्पा मास्तर. ते म्हणाले, दिलेली वस्तू परत मागतात का? आणि फाटक लावून घेतलं. उद्या परत जाणार आहे, परवाही जाईन.

माझं खणायला घेतलं तर कुदळ आत जाईना. काय करू ते कळव. तुझ्या तुरीचं ऐकल्यापासून झोप नाही. माफ कर म्हणत नाही, काम करून दाखवते.

तुझी,
चंद्रिका


मळा, दुधनी
११ ऑगस्ट २०२४

चि. चंद्रिकास,
जयभीम, आशीर्वाद.

नुसतं कापू नगंस, दुप्पट फुटतंय. आदल्या दिशी पाणी सोड. मग चारी अंगानं पहार घालून गड्डा उलथायचा. हातात जाड मोजं घाल. तुरा दिसला तर आदी त्यो काप आन् पोत्यात घालून तोंड बांध. रान साफ दिसलं तरी दोन वरसं नदर ठेवावी लागंल.

फुडल्या सोमवारी मी पहार घिऊन येतो. वैनीबी येती म्हणती, तिला कोण अडवणार!

त्या मास्तरांशी हुज्जत घालू नगंस. निसत्या गवतापायी माणूस दार लावत न्हाय. आत काय हाय ते बग.

भेटूच. तवर जीव जप.

तुजा दादा,
धोंडिराम


सोलापूर,
१९ जानेवारी २०२५

ती. दादास आणि बाळावहिनीस,
सप्रेम जयभीम वि. वि.

ऑगस्टात तुम्ही पाच दिवस राबून गेलात. आठ घरं आणि माझं अंगण रिकामं झालं. वहिनीनं माझा शेवटचा गड्डा उलथला तेव्हा मी रडले, ते तुम्ही दोघांनी न पाहिल्यासारखं केलंत.

मास्तरांचं मात्र तुम्हाला सांगायचं राहिलंय. तुमची एसटी गेली आणि मी गवताचं नावही न काढता त्यांच्याकडे गेले. आतल्या खोलीत त्यांची बायको, राजेश्वरीबाई. दोन वर्षांपूर्वी अर्धं अंग गेलेलं, जीभही जड. मास्तरांनी पलंग खिडकीशी लावला होता. म्हणाले, ती दिवसभर ते तुरेच बघते, दुसरं काही मागत नाही.

मी बाईंची कूस बदलून दिली, पाठ पुसली. रोज जाऊ लागले. अक्कलकोटच्या दवाखान्यात शिकलेली माझी मोडकी कन्नड बाहेर काढली. एकदा त्यांनाच विचारलं, तुम्हाला यातलं काय आवडतं? बराच वेळ ओठ हलत होते. मग म्हणाल्या, गुब्बी.

गुब्बी म्हणजे चिमणी. तुऱ्यांचा कापूस घरट्याला न्यायला चिमण्या यायच्या. मास्तर खाली बसले. म्हणाले, दोन वर्षं मी तिला गवत दाखवत होतो.

तेव्हा मी कंडक्टरच्या हाती तुझ्याकडून मालदांडी ज्वारीचं बियाणं मागवलं. तू कशाला म्हणून विचारलंही नाहीस. मास्तरांनी स्वतः पहार धरली, ठोंब काढला, आणि सप्टेंबर अखेरीला खिडकीसमोर आम्ही ज्वारी पेरली.

दर रविवारी ईरप्पाच्या मळ्यात जाते. रोपं अजून निघतात, पण आता बोटांवर मोजण्याएवढी. तो चहा देतो. फेब्रुवारीत तुमच्या रानात येते. माझ्या वाट्याचं मीच उपटणार, ठेवा.

परवा मास्तरांकडे गेले तर ज्वारी पुरुषभर उंच, कणसं भरलेली, आणि त्यांवर चिमण्यांचा थवा. माझ्यातली शेतकऱ्याची पोर जागी झाली. टाळ्या वाजवून हाऽऽ हाऽऽ केलं, थवा उडाला.

खिडकीतून राजेश्वरीबाई ओरडल्या, ब्याड! म्हणजे नको! रस्त्यावरच्या माणसानं वळून पाहावं एवढ्या मोठ्यानं. मास्तर हातातली पातेली टाकून धावत आले.

मी हात तसेच धरून उभी राहिले. हळूहळू चिमण्या परत आल्या.

असाच जीव लावत राहा.

तुमची,
चंद्रिका